विचारा, सांगतो! यावेळी फक्त बाबूराव पटेल

मागच्या अंकात एकांनी विचारलं होतं की सिनेमातल्या भानगडी आणि राजकारण एकाच पेनानं लिहिणारा आपल्याकडचा पहिला मोठा पत्रकार कोण, आणि मी घाईघाईत एका ओळीत 'फिल्मइंडियावाले बाबूराव पटेल' असं उत्तर देऊन पुढे गेलो होतो. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आलीत की यावेळचं सगळं सदर त्यांनाच देऊन टाकतोय. काही पत्रं कौतुकाची आहेत, काही चिडलेली, काहींना नावच माहीत नाही. तिन्ही प्रकारची घेतली आहेत.

पटेल म्हणजे गुजराती ना? मग मराठी मासिकात एवढं कौतुक कशाला? (वाचक, वसई)

कौतुक केलं नव्हतं हो, नाव घेतलं होतं. आणि गुजराती नाही, माणूस तुमच्या शेजारचाच, पालघरजवळच्या मासवणचा. जन्म १९०४ चा, मूळ आडनाव पाटील, पुढे पटेल झालं. मॅट्रिकसुद्धा पास नाही, पण इंग्रजी असं कमावलं की कॉलेजात शिकलेली पोरं डिक्शनरी घेऊन त्यांचं मासिक वाचायची. आधी सिनेमाच्या पत्रिकांमध्ये लिहिलं, मग तिशीच्या दशकात स्वतः बोलपट दिग्दर्शित केले, 'सती महानंदा', 'महाराणी' वगैरे, आणि १९३५ च्या एप्रिलमध्ये मुंबईतून 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक सुरू झालं ज्याचे संपादक हे. मराठी माणसानं इंग्रजीत लिहिलं म्हणून मराठीत त्यांची आठवण कमी राहिली एवढंच, नाहीतर चाळीसच्या दशकात हिंदी सिनेमाच्या धंद्यात या नावाची जेवढी भीती होती तेवढी क्वचितच कुणाची असेल.

असं काय असायचं त्या मासिकात? फोटो आणि गॉसिप तर सगळेच छापायचे. (वाचक, पुणे)

फोटो होते, उत्तम आर्ट पेपर होता, एस. एम. पंडितांनी रंगवलेली कव्हरं होती, आजही ती चित्रं बघून माणूस थांबतो. आतमध्ये 'बॉम्बे कॉलिंग' नावाचं सदर असायचं, लिहिणाऱ्याचं टोपणनाव 'ज्यूडस', म्हणजे येशूचा घात करणारा तो. संपादक स्वतःच ते नाव घेऊन इंडस्ट्रीतल्या लोकांची लक्तरं वेशीवर टांगायचे, त्यामुळे कुणी विश्वासघातकी म्हणायच्या आत हे स्वतःच म्हणून मोकळे.

पण अंक हातात आला की लोक आधी उघडायचे ते 'एडिटर्स मेल', म्हणजे वाचकांचे प्रश्न आणि संपादकांची उत्तरं, पानंच्या पानं. मद्रास, लाहोर, कलकत्ता, सगळीकडून पत्रं यायची. सुरुवात अमुक नटीचं लग्न झालंय का अशा प्रश्नांनी झाली असेल पण हळूहळू लोक त्यांना काहीही विचारायला लागले, देव आहे का, बायको ऐकत नाही काय करू, काँग्रेसचं काय होणार, प्रेमविवाह करू का, आणि बाबूराव प्रत्येकाला उत्तर द्यायचे, दोन ओळींत, टोमणा मारून, कधी अश्लीलतेच्या काठावर जाऊन, आणि कधीही 'मला माहीत नाही' असं न म्हणता. आता मीही असंच सदर चालवतो त्यामुळे आतली गोष्ट सांगतो, या प्रकारात सगळ्यात मोठी नशा हीच असते. लोक विचारतात म्हणजे आपल्याला कळतं असं वाटायला लागतं. महिन्याला शेकडो माणसं तुम्हाला सगळ्या विषयांवर निकाल द्यायला सांगत असतील तर दहा-पंधरा वर्षांनी तुम्ही न्यायाधीशच होऊन बसता, आणि समोर वकील कुणीच नाही. बाबूरावांचं पुढचं सगळं, म्हणजे निवडणूक, खासदारकी, कोर्टकचेऱ्या, मला तर त्या पानांतूनच निघालेलं दिसतं. लोक म्हणतात ते आधी सिनेमावाले होते आणि मग बदलले, राजकारणी झाले. मला बदल वगैरे दिसत नाही. लिहिण्याची तऱ्हा पहिल्यापासून तीच, फक्त समोरचा माणूस बदलला.

दिलीपकुमारला त्यांनी कैदी म्हटलं होतं हे खरं का? (वाचक, नाशिक)

खरं. १९४४ चा 'ज्वार भाटा', बॉम्बे टॉकीजचा, दिलीपकुमारचा पहिला सिनेमा, पोरगं तेव्हा एकवीस वर्षांचं. 'फिल्मइंडिया'च्या रिव्ह्यूचा मतलब असा होता की बॉम्बे टॉकीजचा हा नवा हिरो अशक्त आहे, याला आधी भरपूर व्हिटॅमिन आणि प्रोटीन द्या आणि मगच दुसऱ्या सिनेमात घ्यायची जोखीम घ्या, तुरुंगात हाल होऊन पळून आलेल्या कैद्यासारखा दिसतो. तीन वर्षांत 'जुगनू' आला आणि पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

आता यात मजेची गोष्ट अशी की तो रिव्ह्यू आज सगळ्यांना आठवतो तो बाबूराव चुकले म्हणून, पण तेव्हा वाचणाऱ्यांना त्याचं काहीच वाटलं नसणार, कारण त्यांनी पैसे टोमण्याचे दिले होते, भविष्याचे नाही. नटाचं शरीर, वजन, दात, वय, रंग यावर लिहायचं आणि अभिनयाबद्दल एक वाक्य, हा त्यांच्या रिव्ह्यूचा नेहमीचा प्रकार. नट्यांच्या बाबतीत तर वाचवत नाही इतकं वाईट लिहिलंय. काही जण अजूनही त्याला 'बिनधास्त' म्हणतात. असेल बिनधास्त, पण समोरच्याकडे उत्तर द्यायला मासिक नव्हतं हेही बघा ना.

ते पैसे घेऊन रिव्ह्यू लिहायचे असं माझे आजोबा सांगायचे. (वाचक, कोल्हापूर)

पाकिटं घेतली असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्यासमोर नाही. पण पाकीट लागतंच कुठे? मासिकाचा खर्च निघायचा तो स्टुडिओंच्या जाहिरातींवर, रंगीत, पानभर. त्याच स्टुडिओंच्या सिनेमांची परीक्षणं त्याच अंकात. संपादक तोच, मालकीतही तोच, आणि वर स्वतः सिनेमेसुद्धा काढणारा. आज एखाद्या चॅनलवाल्यानं असं केलं तर आपण काय म्हणू?

आणि सिनेमे काढले ते कसे बघा. १९४४ ला 'द्रौपदी', १९४६ ला 'ग्वालन', दोन्हीत हिरोईन सुशीलाराणी, ज्यांच्याशी त्यांनी पुढे लग्न केलं. दोन्ही पडले. दहा वर्षं बाकीच्यांना दिग्दर्शन कसं करावं हे शिकवणाऱ्या माणसाचे सिनेमे पडल्यावर इंडस्ट्रीत काय आनंद झाला असेल याची कल्पना करा. त्यानंतर त्यांनी दिग्दर्शन सोडलं, टीका नाही सोडली. उलट धार वाढली असं जुने अंक चाळताना वाटतं.

तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवी. आवडलं तर आवडलं म्हणायला त्यांना लाज नव्हती. १९५७ च्या डिसेंबरच्या अंकात मेहबूब खानच्या 'मदर इंडिया'ला त्यांनी या देशात आजवर निघालेला सगळ्यात मोठा सिनेमा म्हटलं आणि नर्गिसशिवाय दुसऱ्या कुणाला ही भूमिका जमलीच नसती असंही लिहिलं. तोवर त्यांची लेखणी मुसलमान कलाकारांबद्दल किती कडवट झाली होती ते माहीत असेल तर हे वाचून माणूस चक्रावतोच. आणि गंमत म्हणजे १९६० च्या सुमारास त्यांनी 'फिल्मइंडिया'चं नाव बदललं ते काय ठेवलं? 'मदर इंडिया'.

शांता आपटेंनी त्यांना ऑफिसात जाऊन छडीनं बडवलं होतं ना? (वाचक, सांगली)

किस्सा म्हणून फिरतो खरा, आणि प्रत्येक सांगणाऱ्याकडे छडीची लांबी वेगळी. शांताबाईंची हिंमत बघायची तर त्या किश्शाची गरजच नाही, १९३९ मध्ये करारावरून भांडण झालं तेव्हा प्रभात फिल्म कंपनीची ही नटी कंपनीच्याच फाटकात उपोषणाला बसली होती, त्या काळात, एकटी. ते पक्कं आहे, ते लक्षात ठेवा.

आमच्याकडे चेन्नईत लक्ष्मीकांतन खून खटल्याची गोष्ट अजून सांगतात. बाबूराव त्याच जातकुळीचे का? (वाचक, चेन्नई)

बरं झालं विचारलंत, कारण महाराष्ट्रातल्या बऱ्याच वाचकांना हे प्रकरण माहीतच नसतं. थोडक्यात सांगतो. लक्ष्मीकांतन नावाच्या माणसानं १९४३ मध्ये मद्रासमध्ये 'सिनेमा तूतू' नावाचं साप्ताहिक काढलं, नटनट्यांच्या खाजगी भानगडी छापायच्या, आणि त्याच्यावर आरोप असा की छापू नये म्हणून पैसे घ्यायचे. सिनेमावाले गव्हर्नरकडे गेले, परवाना गेला, तर यानं 'हिंदू नेसन' नावाच्या दुसऱ्या पत्रातून तेच सुरू केलं. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये वेपेरी भागात रिक्षातून जाताना त्याला भोसकलं आणि दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात तो गेला. अटक कुणाला झाली तर एम. के. त्यागराज भागवतर आणि एन. एस. कृष्णन, म्हणजे तमिळ सिनेमाचा सगळ्यात मोठा गाणारा हिरो आणि सगळ्यात लाडका विनोदी नट. काळ्या पाण्याची शिक्षा झाली. प्रकरण थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं, तिथून परत मद्रास हायकोर्टात आलं आणि १९४७ मध्ये दोघं सुटले. तोवर अडीच वर्षं आत काढलेली. कृष्णन पुन्हा उभे राहिले, भागवतरांचं करिअर मात्र परत कधी पूर्वीसारखं झालं नाही, आणि खून केला कुणी हे आजतागायत ठरलेलं नाही.

आता जातकुळी. दोघंही खाजगी आयुष्य विकायचे हे खरं. पण लक्ष्मीकांतनचं हत्यार होतं गुपित. बाबूरावांचं हत्यार होतं हसू. गुपितवाल्याला समोरचा माणूस घाबरतो, हसवणाऱ्याला सगळं गाव वाचतं, आणि म्हणूनच बाबूराव पन्नास वर्षं टिकले, पाली हिलवर 'गिरनार' नावाच्या बंगल्यात ऐटीत राहिले, आणि ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्यातलेच लोक त्यांच्याकडे चहाला यायचे. मधुबाला सुशीलाराणींकडे इंग्रजी शिकायला यायची. दरबारच होता म्हणा ना तो.

तुम्ही फक्त वाईटच सांगताय. त्यांनी देशासाठी काही केलं नाही का? (वाचक, नागपूर)

केलं की. १९३८-३९ मध्ये ब्रिटन आणि हॉलिवूडमधून 'द ड्रम' आणि 'गंगा दीन' असे सिनेमे आले ज्यात गोरे शूर आणि हिंदी माणूस एकतर क्रूर नाहीतर पाणक्या. 'द ड्रम'वरून मुंबईत रस्त्यावर निदर्शनं झाली, सिनेमा उतरवावा लागला. 'गंगा दीन'वर मुंबई आणि बंगालमध्ये बंदी आली. या सगळ्यात 'फिल्मइंडिया'नं सतत रान उठवलं, आणि ते मासिक इंग्रजीत असल्यामुळे ज्यांना ऐकू जायला हवं त्यांना गेलं. त्या मोहिमेत ख्वाजा अहमद अब्बासही होते, तेव्हा 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये सिनेमावर लिहायचे. पुढे कम्युनिस्टांच्या जवळचे अब्बास आणि पुढे जनसंघात गेलेले बाबूराव एकाच बाजूला, असाही एक काळ होता.

अब्बासांचं गांधीजींना लिहिलेलं खुलं पत्र छापलं तेही 'फिल्मइंडिया'नंच, १९३९ च्या ऑक्टोबरमध्ये. गांधीजी सिनेमाला जुगार, सट्टा, घोड्यांच्या शर्यती यांच्या रांगेत बसवायचे, तर अब्बासांनी म्हटलं की बापू, तुमच्या पोरांच्या हातात हे एक खेळणं आहे आणि ते आम्हाला प्रिय आहे, तेवढं बघा. सिनेमाला मान मिळावा म्हणून इतकं चांगलं पत्र दुसरं नसेल. म्हणजे ज्या मासिकात चार पानं आधी एखाद्या नटीच्या जाडीवर विनोद, त्याच मासिकात हे. दोन्ही खरं. जुने अंक वाचायची मजा पण त्याच्यातच आहे आणि त्रास पण.

इंदूरला आम्ही लहानपणी ऐकायचो की शाजापूरचा खासदार मुंबईचा सिनेमावाला होता. हेच का? (वाचक, इंदूर)

हेच. १९६७ ची निवडणूक, जनसंघाचं तिकीट, मतदारसंघ शाजापूर, आणि बाबूराव निवडून आले. पालघरचा माणूस, पत्ता पाली हिल, मासिक इंग्रजी, आणि मत देणारे माळव्यातले शेतकरी. पण त्या वर्षी जनसंघाची हवाच होती, लोकसभेत ३५ जागा आल्या, आणि मध्य भारतात तर पक्षाची मुळं जुनीच. पुढच्या वेळी, म्हणजे १९७१ ला, शाजापूरहून जनसंघाकडून आले जगन्नाथराव जोशी, गोवा सत्याग्रहवाले, म्हणजे तोही बाहेरचाच माणूस, कर्नाटकातला. तुमच्या शाजापूरला बाहेरचे नेते फार आवडायचे असं दिसतंय!

बाबूरावांना राजकारण तोवर काही नवं नव्हतं. फाळणीनंतर मासिकातली सिनेमाची पानं कमी आणि नेहरू, पाकिस्तान, मुसलमान, काँग्रेस ही पानं वाढत गेली. नेहरूंवर तर वर्षानुवर्षं. मला वाटतं यातली निम्मी टीका त्या काळात कुणीतरी करायलाच हवी होती, सगळी वर्तमानपत्रं नेहरूंपुढे वाकलेली असताना एक माणूस न घाबरता लिहितोय ही चांगलीच गोष्ट. पण उरलेली निम्मी ही टीका नाहीच, ती जमातीबद्दलची चीड आहे, आणि ती तशीच दिसते.

खासदार झाल्या झाल्या त्यांनी काय केलं तर झाकीर हुसेन यांच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं. उमेदवारी भरताना शपथ घेतली नाही, पंतप्रधानांनी मतदारांवर दबाव आणला, असे मुद्दे. कोर्टानं अर्ज फेटाळला. कायद्याच्या पुस्तकांत ते प्रकरण आजही त्यांच्याच नावानं आहे.

त्यांच्यावर केस झाली होती ती दडपशाहीच ना? लेखकाला लिहू द्यायला नको? (वाचक, ठाणे)

लिहू द्यायलाच हवं, आणि मी या धंद्यातला असल्यामुळे जुन्या दंड संहितेतल्या १५३ अ कलमाचं, म्हणजे समाजासमाजात वैर वाढवण्याबद्दलच्या कलमाचं, नाव काढलं तरी माझ्या पोटात गोळा येतो, कारण ते कलम कुणाच्या हातात कसं पडेल सांगता येत नाही. पण निदान केस काय होती ते नीट बघू. 'मदर इंडिया'तले दोन लेख. एक दोन प्रकारच्या जातीयवादाबद्दल, दुसरा दिल्लीतल्या रस्त्यांना मुघल बादशहांची नावं का म्हणून. आता रस्त्याचं नाव बदला अशी मागणी करणं हा काही गुन्हा नाही, आजही लोक करतात आणि नावं बदलतातही. पण बाबूरावांना एवढ्यावर थांबता येत नव्हतं ना! रस्त्याच्या पाटीवरून गाडी बादशहावर, बादशहावरून सगळ्या समाजावर. बचावात म्हटलं गेलं की ही राजकीय मांडणी आहे, इतिहास आहे. सुप्रीम कोर्टानं १९८० मध्ये सांगितलं की राजकीय मांडणी आणि इतिहासाच्या पडद्याआडून समाजासमाजात वैर वाढवता येणार नाही, आणि दोषी ठरवलेलं कायम ठेवलं.

तुम्हाला कलम चुकीचं वाटत असेल तर त्यावर वाद घालूच. पण लेख वाचून मग घालू. बाबूरावांचे बरेच चाहते त्यांना हुतात्मा करतात आणि बरेच विरोधक त्यांना राक्षस करतात, आणि दोघांनीही अंक उघडलेला नसतो.

मंटोनं त्यांच्यावर लिहिलंय म्हणतात. मित्र होते का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

ओळख होती, चांगली होती. उर्दू कथाकार मंटो मुंबईत सिनेमाच्या पत्रिकांमध्ये आणि स्टुडिओत नोकऱ्या करायचा तेव्हाची. त्यानं उर्दूत बाबूरावांचं व्यक्तिचित्र लिहिलंय आणि मराठी-इंग्रजी काय, कुठल्याही भाषेत या माणसावर त्याहून चांगलं काही मी वाचलेलं नाही. मंटोला त्यांच्या भाषेचं, उर्मटपणाचं, विनोदाचं मनापासून कौतुक आहे, आणि पुढे फाळणीनंतरचं लिखाण बघून झालेला त्रासही तो लपवत नाही. स्वतः लाहोरला गेलेला माणूस, ज्याच्या जमातीबद्दल हे लिहिलं जातंय त्यातलाच, आणि तरी त्यानं बाबूरावांना एका रंगात रंगवलं नाही. हे मोठं काम आहे. बाबूरावांना मंटोबद्दल असं लिहिता आलं असतं का? मला शंका आहे.

होमिओपॅथीचं काय प्रकरण? (वाचक, सातारा)

औषधंही द्यायचे. पुस्तकही लिहिलं. मासिकात स्वतःच्या गोळ्यांच्या जाहिराती. सगळ्या प्रश्नांना उत्तरं देणारा माणूस शेवटी पोटदुखीलाही उत्तर देणारच.

सुशीलाराणींबद्दल लिहा की! त्या आमच्या. (वाचक, मडगाव)

कोंकणी बोलणाऱ्या घरातल्या म्हणून तुमच्या, मुंबईत वाढल्या म्हणून आमच्या, चालेल? खरं तर त्यांच्यावर वेगळं सदर व्हायला पाहिजे. मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेल्या गायिका, म्हणजे जयपूर घराण्याची तालीम, आणि मोगूबाई म्हणजे किशोरीताई आमोणकरांच्या आई, हे वेगळं सांगायला नको. वर कायद्याचं शिक्षण. बाबूरावांशी गाठ पडली ती चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांचं आधी लग्न झालेलं, त्यामुळे चर्चा व्हायची ती झालीच, आणि इतरांच्या संसारातल्या गोष्टी छापणाऱ्याला स्वतःच्या संसारावर बोललेलं किती खपलं असेल देव जाणे. सिनेमात दोनदा हिरोईन झाल्या, ते चाललं नाही, मग मासिकात उतरल्या. लिहिणं, मुलाखती, फोटो, ऑफिस, बराचसा भार त्यांच्यावर होता. जुन्या अंकांतलं कुठलं लिखाण बाबूरावांचं आणि कुठलं सुशीलाराणींचं हे टोपणनावांमुळे सांगणं अवघड होतं, आणि आपण मात्र सगळं श्रेय आणि सगळे शिव्याशाप एकाच माणसाच्या नावावर टाकून मोकळे होतो.

बाबूराव १९८२ मध्ये गेले. त्यानंतर 'मदर इंडिया' मासिक तीनेक वर्षं सुशीलाराणींनीच चालवलं. गाणं शिकवणं तर शेवटपर्यंत चालू होतं, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला, आणि २०१४ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी त्या गेल्या. त्यांना 'बाबूरावांची बायको' म्हणून ओळखणारे जेवढे तेवढे गायिका म्हणून ओळखणारे असते तर बरं झालं असतं.

अत्रे मोठे की बाबूराव? एका वाक्यात सांगा. (वाचक, दादर)

एका वाक्यात नाही जमणार, अत्र्यांचं नाव घेतल्यावर एका वाक्यात कोण थांबतं! साम्य आहे बरंच. दोघांनी सिनेमे काढले, दोघांनी संपादकी केली, दोघांनी माणसं सोलली, दोघं निवडून आले, अत्रे १९५७ ला आमदार झाले. पण अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आणि बाबूरावांचा 'ग्वालन' आज कुणाला आठवत नाही, तो हिशोब बाजूला ठेवला तरी एक फरक राहतोच. अत्रे शिव्या द्यायचे आणि पुढे त्याच माणसावर ढसाढसा रडणारा मृत्युलेखही लिहायचे. त्यांच्या शिवीत जिव्हाळा असायचा, मिसळीत वर तर्री असली तरी खाली मटकी सापडते तसा. बाबूरावांकडे तर्री जबरदस्त. खाली चमचा घातला की मात्र बऱ्याचदा भांड्याचा तळ लागतो.

आजचा बाबूराव पटेल कोण? नाव घ्यायची हिंमत आहे का? (वाचक, डोंबिवली)

हिंमत आहे, वकिलाची फी नाही. पण खरं कारण वेगळं. आज ज्यांची नावं तुमच्या डोक्यात आहेत, रात्री नऊला ओरडणारे किंवा यूट्यूबवर 'धक्कादायक खुलासा' म्हणणारे, त्यांच्यातल्या कुणालाही बाबूरावांएवढं लिहिता येत नाही. सकाळी हिरोईनचा घटस्फोट आणि संध्याकाळी देशद्रोही कोण, ही दिवसभराची पंगत बाबूरावांनीच मांडली होती, पण एकेक वाक्य घासून पुसून, वाचणाऱ्याला इंग्रजी येतं असं धरून. आत्ताचे लोक ओरडतात फक्त. आणि खरं सांगू का, त्यामुळे ते कमी धोक्याचे आहेत. चॅनलवर ओरडणाऱ्याचा आपल्याला कधीतरी कंटाळा येतो, हसवणाऱ्याचा येत नाही. मी स्वतः चाळीसच्या दशकातला अंक घेऊन बसलो की एखाद्या नटावरचा टोमणा वाचून फस्सकन हसतो, आणि अर्ध्या मिनिटानं लक्षात येतं की हा माणूस आपण कुणाला हसावं हे ठरवतोय.

जुने अंक वाचायला कुठे मिळतील? रद्दीवाले हजारो रुपये सांगतात. (वाचक, चिंचवड)

रद्दीवाल्याला एक पैसा देऊ नका, निदान आधी इंटरनेट आर्काइव्हवर बघा, 'फिल्मइंडिया'चे बरेच अंक स्कॅन करून फुकट ठेवलेत. १९३८ ते १९४५ च्या मधले घ्या. जाहिराती सोडू नका, अंकातल्या परीक्षणाच्या शेजारी कुणाची जाहिरात आहे हे बघत गेलात तर मी वर कोल्हापूरकरांना जे सांगितलं ते तुम्हाला स्वतःलाच तपासता येईल. 'मदर इंडिया'च्या काळातले अंकही शोधा, पण एका बैठकीत वाचू नका, डोकं उठतं.

पुढच्या अंकात दादा कोंडक्यांवर आलेले प्रश्न घेतोय, सेन्सॉरवाले जास्त आहेत. ज्यांनी बाबूरावांवरून मला देशद्रोही म्हटलंय त्यांनी पत्रावर गावाचं नाव तरी घालावं, छापायला बरं पडतं.